राजगिऱ्याएवढं अंडं

अकरावीला कलाशाखेचा अर्ज भरला, तेव्हा घरी आलेल्या एका नातलगांनी माझ्याकडे मोठ्या सहानुभूतीने पाहून विचारलं होतं, "का गं, मार्क कमी पडले का?" मार्क कमी पडले नव्हते. मला मराठी शिकायचं होतं. पण हे उत्तर त्यांना पटण्यासारखं नव्हतं, आणि त्यात त्यांचाही फारसा दोष नाही. आपल्याकडे दहावीनंतर विद्येची वाटणी होते ती थेट भाऊबंदकीतल्या वाटणीसारखी. विहीर त्यांच्याकडे, आंब्याचं झाड आमच्याकडे! विज्ञानवाल्यांनी पाहायचं, मोजायचं, सिद्ध करायचं. आम्ही कलावाल्यांनी हळवं व्हायचं आणि सुचेल ते लिहायचं. चित्रकला तर कुणाच्याच हिश्शाला येत नाही. ती बिचारी एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांपाशीच मागे राहते.

या वाटणीविषयी मी कधी फारसा विचार केला नव्हता. तो करायला लावला चौथीच्या एका वर्गाने, आणि त्याहीपेक्षा एका कढीपत्त्याच्या झाडाने.

झालं असं की, राष्ट्रीय सेवा योजनेतून आमच्यापैकी काही जणांना दर शनिवारी सकाळी गावातल्या प्राथमिक शाळांत मदतीला पाठवायचं ठरलं. माझ्या वाट्याला आलेल्या वर्गात ३८ मुलं आणि एक बाई. बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुम्ही मराठीच्या ना? मग निबंध घ्या. आणि जमलं तर परिसर अभ्यासाचा एक प्रकल्पही करून घ्या." प्रकल्पाचा विषय ठरलेला होता : फुलपाखराचे जीवनचक्र.

प्राथमिक शाळेतला प्रकल्प म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात लहान भावंडं आहेत त्यांना सांगायला नको. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रकल्पाला रीतसर गुण मिळू लागले. कल्पना चांगलीच होती. प्रत्यक्षात रात्री साडेनऊला मुलाला आठवतं की, उद्या प्रकल्प द्यायचा आहे. मग वडील स्टेशनरीच्या दुकानात धावतात. तिथे चित्रांचे छापील तक्ते मिळतात : धान्ये, वाहने, थोर नेते, फुलपाखराचे जीवनचक्र. आई कापते, ताई चिकटवते, मूल झोपतं. सकाळी वहीत अंडी, अळी, कोष आणि फुलपाखरू अशी चार चित्रं गोलाकार बसलेली असतात आणि त्यांच्यामध्ये चार बाण. यात मुलाने काय पाहिलं? दुकानाचं बंद होत आलेलं शटर, तेही वडिलांनी.

आमचाही प्रकल्प याच वाटेने गेला असता. वाचवलं ते खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी. शाळेच्या मागे नळाजवळ छातीभर उंचीचं कढीपत्त्याचं झाड आहे. त्याची पानं पोषण आहाराच्या फोडणीला जातात. जुलैचे दिवस, झाडाला नवी पालवी फुटलेली. मावशी पानं तोडता तोडता करवादल्या, "मेल्या अळ्या, सगळी पानं फस्त करतात!" मुलं धावली. मावशी अळ्या चिरडणार, तोच मुलांनी अशी काही गयावया सुरू केली की, शेवटी तह झाला. वर्गाच्या खिडकीकडे झुकलेली एक फांदी मुलांची, बाकी झाड खिचडीचं. त्या फांदीला कुणीतरी केसांची लाल रिबीन बांधली. प्रकल्पाची सुरुवात अशी वाटाघाटींतून झाली.

आता अडचण माझी. मी यायची फक्त शनिवारी. अळी काही शनिवारपर्यंत थांबत नाही. म्हणून मी मुलांना सांगितलं, की मधल्या दिवसांत काय झालं ते वहीत लिहून ठेवा, मला वाचायचं आहे. हे मी काही शिक्षणशास्त्र वाचून केलं नव्हतं. दुसरा इलाजच नव्हता. पण आज मागे वळून पाहताना वाटतं, की सगळी किल्ली इथेच होती. एरवी मूल जे लिहितं ते बाईंसाठी. बाईंना उत्तर आधीच ठाऊक असतं. त्या फक्त ते मुलाला ठाऊक आहे का हे पाहतात. इथे वाचणाऱ्या ताईला खरोखरच काही ठाऊक नव्हतं. तिने सोमवार पाहिला नव्हता, मंगळवार पाहिला नव्हता. तिला तो दाखवायचा तर शब्दांनी किंवा रेषांनीच दाखवावा लागणार होता.

पहिल्या शनिवारी वह्या उघडल्या. एकीने लिहिलं होतं, "पानावर लहान अंडं आहे." मी विचारलं, "लहान म्हणजे केवढं?" "एवढंसं!" तिने चिमूट करून दाखवली. "अगं, पण चिमूट वहीत कशी लिहिशील?" वर्ग विचारात पडला. एक म्हणाला, खसखशीएवढं. दुसरी म्हणाली, खसखस गोल नसते, ते राजगिऱ्याएवढं आहे. वाद विकोपाला गेला. मग मावशींच्या डब्यातून खसखस आली, कुणाच्या तरी घरून सोमवारी राजगिरा आला. अंड्याचं पान हळूच वाकवून शेजारी एकेक दाणा धरून पाहण्यात आला. राजगिरा जिंकला. आकार तोच, गोलाई तीच, पिवळसर रंगही जवळजवळ तोच. पुढच्या शनिवारी ३८ पैकी बहुतेक वह्यांत वाक्य होतं : "अंडं राजगिऱ्याच्या दाण्याएवढं."

मी मराठीची विद्यार्थिनी. उपमा अलंकार आम्ही शिकलो : उपमेय, उपमान, साधारण धर्म, साम्यवाचक शब्द. परीक्षेत त्यावर चार गुण हमखास. पण उपमा हे मोजण्याचं साधन आहे, हे मला तिथे कळलं. ज्याच्या हातात मिलिमीटरची पट्टी नाही त्याची ती पट्टी आहे! "चंद्रासारखे मुख" म्हणताना कुणी मुखाजवळ चंद्र धरून पाहत नाही. या मुलांनी राजगिरा धरून पाहिला होता. पुढे पट्टीही आली. अळी वळवळते, पट्टीवर सरळ राहत नाही, तेव्हा एकाने तिच्या अंगालगत दोरा धरून मग तो दोरा पट्टीवर मोजायची युक्ती काढली. पण पट्टी आल्यावरही राजगिरा वहीतून गेला नाही. "एक मिलिमीटर" आणि "राजगिऱ्याएवढं" ही दोन्ही माणसं शेजारी शेजारी सुखाने नांदली.

चित्रांची गंमत निराळी. पहिल्या दिवशी सगळ्यांनी अळी काढली ती टीव्हीवरच्या कार्टूनमधली : ओळीने सहा चेंडू, पहिल्या चेंडूला हसरं तोंड, वर दोन शेंड्या. झाडावर खरी अळी समोर असताना! डोळ्यांना दिसत होती एक आणि हात काढत होता दुसरीच. मी फक्त एकच प्रश्न विचारला, "हिला पाय किती?" वीस, शंभर, अगणित अशी उत्तरं आली. एकाने तर ठामपणे शून्य सांगितलं. मग मुलं मोजायला गेली आणि चित्रं बदलू लागली. पुढच्या बाजूला आकड्यांसारखे टोकदार पायांचे तीन जोड. मग चक्क मोकळी जागा. मग मऊ, मांसल, पानाला धरून बसणारे चार जोड. पुन्हा मोकळी जागा आणि अगदी शेवटी एक जोड. ६ आणि १०, एकूण १६. त्यांतले पुढचे ६ हेच खरे पाय. फुलपाखरालाही तेवढेच सहा उरतात. मागचे दहा हे केवळ अळीपणापुरते. हे पुस्तकात वाचून ध्यानात राहिलं असतं की नाही कोण जाणे. पण मधली मोकळी जागा कागदावर सोडावी लागली, म्हणून ती कायमची दिसली.

बाईंनी त्यात एक नियम घातला तो मला फार आवडला. खोडरबर वापरायचं नाही. चुकलं तर नव्या पानावर तारीख घालून पुन्हा काढायचं. त्यामुळे प्रत्येक वहीत शंभर पायांची अळीही राहिली आणि सोळा पायांचीही. वही चाळली की डोळा कसा उघडत गेला ते पानोपानी दिसायचं.

आणि शब्द! पाठ्यपुस्तकांतून, गोष्टींतून सुरवंटाचं फुलपाखरू होतं. मुलांना ते मान्य नव्हतं. "ताई, सुरवंट केसाळ असतो. अंगाला लागला तर खाज सुटते. ही गुळगुळीत आहे, ही अळी." एकीच्या आजीने तर घरून निरोपच धाडला, की सुरवंट वेगळा आणि अळी वेगळी, शाळेत नीट शिकवा. आजींचं म्हणणं बरोबर होतं. बोलीभाषेने जो भेद शतकानुशतकं सांभाळला तो आम्ही शिकलेल्यांनी एका शब्दात गुंडाळून टाकला होता. वर्गाने ठराव करून 'अळी' हा शब्द कायम केला.

सुरुवातीच्या दिवसांत ही अळी काळपट-तपकिरी आणि मधे पांढरट पट्टा अशी असते. हुबेहूब पाखराची विष्ठा! मागच्या बाकावरच्या एका मुलाने लिहिलं होतं, "पानावर घाण होती म्हणून काडीने काढायला गेलो तर घाण चालायला लागली." हे वाक्य मी बसस्टॉपवर वाचलं आणि एकटीच हसत सुटले. पण विचार करा, या एका वाक्यात निसर्गातल्या फसवणुकीचा पुरा धडा आहे. जो पक्षी तिला खाणार, त्याचीही अशीच फसगत व्हायची असते. चौथ्यांदा कात टाकल्यावर मात्र अळी हिरवी होते आणि पानांत मिसळून जाते. तिला डिवचलं तर डोक्यामागून लाल रंगाचं दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. तो वास मावशींना वर्षानुवर्षं ठाऊक होता. "चुरगळली की घाण मारते" असं त्या म्हणत, ते याच शिंगामुळे.

तिसऱ्या आठवड्यात बाई म्हणाल्या, "आता निबंध होऊन जाऊ दे. 'फुलपाखराचे आत्मवृत्त'." मी फळ्यावर विषय लिहिला. अर्ध्या तासाने वह्या गोळा केल्या आणि वाचून थक्क झाले. "मी एक सुंदर फुलपाखरू आहे. माझे रंगीबेरंगी पंख पाहून मुले आनंदित होतात. परंतु हाय! मनुष्य किती निष्ठुर आहे!" ३८ वह्यांत तेच फुलपाखरू, तोच हाय, तोच निष्ठुर मनुष्य. ज्या मुलाने चालणारी घाण लिहिली होती, त्याच्याही वहीत. एकाच मुलाजवळ दोन मराठी होत्या. एक ताईला सांगण्यासाठी, दुसरी निबंधासाठी. पहिली जिवंत होती, दुसरी मार्गदर्शकातून पाठ केलेली. आणि हसू नका, आपल्या भित्तिपत्रकांवरच्या कविता आणि या अंकातलेही काही लेख (हा धरून) कुठल्या मराठीत असतात, हा प्रश्न मी त्यानंतर पुष्कळदा स्वतःला विचारला आहे. दुर्गाबाई भागवतांचं १९५६ साली आलेलं 'ऋतुचक्र' आपण ललितगद्याचा नमुना म्हणून वाचतो. दुर्गाबाई अभ्यासक होत्या, संशोधक होत्या. कुठलं झाड, कुठला महिना, कुठला रंग यांत त्यांची लेखणी ढिली पडत नाही. त्या लेखनाचं लालित्य बघण्याच्या त्या शिस्तीवर उभं आहे, शब्दांच्या झुंबरांवर नाही.

आत्मवृत्त मी रद्द केलं नाही. फक्त एक अट घातली : फुलपाखराचं नको, अळीचं लिहा, आणि अळीला जे कळू शकेल तेवढंच लिहा. मग वर्गात जी चर्चा झाली तिच्यासाठी मला दोन शनिवार पुरले नाहीत. अळीला आपला रंग ठाऊक असेल का? तिला दिसतं का? हिरव्या अळीच्या फुगीर पाठीवर डोळ्यांसारखे दोन मोठे ठिपके असतात. मुलं त्यांनाच डोळे समजली होती. मी भिंग आणलं. ते डोळे म्हणजे नुसता देखावा. खरे डोळे खाली डोक्यावर, दोन्ही बाजूंना सहा-सहा, टाचणीच्या टोकाएवढे, उजेड-अंधार आणि ढोबळ आकार ओळखण्यापुरते. म्हणजे 'रंगीबेरंगी' शब्द गेला! 'सुंदर' गेला. 'निष्ठुर मनुष्य'ही गेला, कारण माणूस म्हणजे काय हे अळीला कळणार कसं? उरलं काय? एका मुलाने लिहिलं :

"मला पान लागते. मी कडेने खाते. पान संपले की पुढचे पान. माझ्यावर सावली पडली की मी शिंग काढते. सावली कोणाची ते मला माहीत नाही. आज मला भूक नाही. अंग घट्ट झाले आहे."

बाईंनी हे दोनदा वाचलं. मग काही न बोलता वही त्यांनी टेबलावर वेगळी काढून ठेवली. कात टाकण्याआधी अळी खायची थांबते, हे त्या मुलाने बुधवारी पाहिलं होतं. 'अंग घट्ट झाले आहे' हे मात्र त्याने पाहिलं नव्हतं, तिथे त्याने स्वतः अळीच्या जागी जाऊन बघितलं होतं. विज्ञान कुठे संपलं आणि कल्पना कुठे सुरू झाली, ती रेघ कुणी मला काढून दाखवावी.

याच चर्चेत एकीने विचारलं, "अळीला जे कळलं ते फुलपाखराला आठवतं का?" मला उत्तर येत नव्हतं. ग्रंथालयात आणि नंतर संगणकावर शोधलं तेव्हा समजलं, की अमेरिकेतल्या संशोधकांनी २००८ साली हाच प्रश्न तंबाखूवर वाढणाऱ्या एका पतंगाच्या बाबतीत विचारला होता. अळ्यांना एक विशिष्ट वास आणि त्याबरोबर विजेचा सौम्य झटका दिला. मोठ्या झालेल्या अळ्यांना असं शिकवलं तर पुढे त्यांचे पतंग तो वास टाळत. अगदी लहान अळ्यांना शिकवलेलं मात्र टिकत नसे. हे सांगितलं तेव्हा वर्ग झटक्याच्या बाजूने आणि विरुद्ध असा दुभंगला. चौथीतल्या मुलीचा आणि प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांचा प्रश्न एकच असावा, याचं मला अजून नवल वाटतं.

हे सारं नवं आहे असं म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात शाळा काढली तेव्हा वर्ग झाडाखाली भरत. आणि याच कवीने १९३७ साली 'विश्वपरिचय' नावाचं विज्ञानाचं पुस्तक बंगालीत लिहून ते सत्येंद्रनाथ बोस या भौतिकशास्त्रज्ञाला अर्पण केलं. गिजुभाई बधेकांनी भावनगरला बालशिक्षणाचं काम उभं केलं, त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी ते आपल्याकडे बोर्डी-कोसबाडला रुजवलं, अनुताई वाघांनी ते आयुष्यभर सांभाळलं. मध्यप्रदेशात होशंगाबादचा विज्ञान कार्यक्रम १९७२ ते २००२ अशी तीस वर्षं चालला. तिथे मुलं पुस्तकातली उत्तरं पाठ करण्याऐवजी स्वतः प्रयोग करून निष्कर्ष लिहीत. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली 'सृजन आनंद' सुरू केलं. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर कलेची इतर विषयांशी सांगड घाला असं स्पष्टच लिहिलं आहे.

धोरणात लिहिलं आहे म्हणूनच भीती वाटते! कारण सांगड घालण्याची एक सोपी रीत आपल्याकडे लगेच तयार होते. विषय 'पाणी'. मग पाण्याचं गाणं म्हणा, पाण्याचं चित्र रंगवा, पाण्यावर दहा ओळी लिहा, पाण्याचा एक प्रयोग करा. झालं एकत्रीकरण! नाव एक आणि कामं चार, एकमेकांची तोंडं न पाहिलेली. गाण्याने प्रयोगाला काही विचारलं नाही, प्रयोगाने चित्राचं काही खोडलं नाही. अशा प्रकल्पाला मी लग्नातला फोटो म्हणते. सगळे पाहुणे एका रांगेत, हसतमुख, आणि कुणी कुणाला ओळखत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. रिबिनीच्या फांदीवर एकंदर सात अळ्या होत्या. दोन नाहीशा झाल्या. बुलबुलांवर संशय होता, पुरावा नव्हता. पाच अळ्यांनी कोष केले. अळी शेपटीकडचं टोक रेशमाने चिकटवते आणि कमरेभोवती धाग्याचा एक फास टाकून मागे रेलते. "माझे पप्पा खांबावर असेच रेलतात," असं एका वायरमनच्या मुलाने सांगितलं आणि त्याचं चित्र वर्गात सर्वोत्कृष्ट ठरलं, कारण धाग्यावरचा ताण त्यालाच ठाऊक होता. चार कोष फांदीवर, हिरवे. पाचवी अळी फिरत फिरत खिडकीच्या खडबडीत लाकडी चौकटीवर गेली आणि तिथे तिचा कोष झाला तपकिरी. प्रत्येक कोषाला एक पालक नेमला होता. चौकटीवरच्या कोषाची पालक एक अबोल मुलगी होती. ती वर्गात बोलत नसे. मात्र तिच्या वहीत एक दिवसाचाही खंड नव्हता.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तीन फुलपाखरं बाहेर आली. दोन काळी, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. तिसऱ्याच्या पंखांवर मात्र तांबडे ठिपके. मुलांनी दोन जाती जाहीर करून टाकल्या. पण जात एकच, इंग्रजीत तिला कॉमन मॉरमॉन म्हणतात. तिच्या काही माद्या 'कॉमन रोझ' या पक्ष्यांना न मानवणाऱ्या फुलपाखराचा वेष घेतात. माद्यांची ही निरनिराळी रूपं एकाच जातीची, हे आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८६५ सालीच मांडलं होतं. चौथा कोष सुकून गेला. पाचवा, चौकटीवरचा, तसाच होता. त्याचा रंग काळवंडत गेला. त्या मुलीने रोज लिहिलं, "आज काही नाही." असं पाच दिवस. सहाव्या दिवशी कोषाला टाचणीने पाडावं तसं भोक पडलं आणि त्यातून बारीक, चकचकीत माशा बाहेर येऊ लागल्या. एकामागून एक. वर्ग किंचाळला. काहींना किळस आली, एकजण रडला.

या माशा म्हणजे गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातला, जेमतेम तीन मिलिमीटरचा कीटक. अळी कात टाकून नुकताच कोष झालेला असतो, अजून मऊ असतो, नेमक्या त्या वेळेला मादी येऊन त्यात अंडी घालते. तिची पिल्लं कोष आतून खातात. क्रूर वाटतं. पण मावशींच्या कढीपत्त्यावर पानं शिल्लक राहतात ती बरीचशी अशा कीटकांमुळेच.

तिच्या वहीतलं त्या दिवसाचं पान माझ्याजवळ उतरवून घेतलेलं आहे. पाठभर बारीक ठिपके काढलेत, प्रत्येकाला चार पंख आणि सहा पाय देण्याचा प्रयत्न केला आहे. खाली लिहिलं आहे :

"माझ्या कोषातून फुलपाखरू आले नाही. माशा आल्या. मी ४३ मोजल्या. मग मागचा मुलगा शिंकला आणि मोजणी संपली. फुलपाखरू आत होते का मला माहीत नाही. माशांचा वाढदिवस आज आहे."

१५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर पालकांसाठी प्रदर्शन होतं. केंद्रप्रमुख येणार होते. आदल्या दिवशी वह्या मांडताना शाळेतल्या वरिष्ठांच्या नजरेला हे पान पडलं. "हे कशाला? पाहुण्यांना काय वाटेल? शेवटच्या पानावर एक फुलपाखरू काढून घ्या की. बाकीच्यांचं आहेच." सूचना सरळ होती, तीत दुष्टावा नव्हता. जीवनचक्र म्हटलं की ते फुलपाखरापाशी यायला हवं, चार चित्रं, चार बाण. बाई म्हणाल्या, "ती नाही काढायची, सर. तिच्याकडे आलंच नाही." मग वही टेबलावरून उचलून कपाटात ठेवली गेली. त्या मुलीने ते पाहिलं. ती काही बोलली नाही. ती तशी बोलतच नाही.

सतराव्या शतकातल्या मारिया सिबिला मेरियान या चित्रकर्तीची मला त्या संध्याकाळी आठवण झाली. ती जर्मनीत १६४७ साली जन्मली, चित्रकारांच्या घरात वाढली आणि तेराव्या वर्षापासून रेशमाच्या किड्यांच्या नोंदी ठेवू लागली. तिचं अळ्यांवरचं पुस्तक १६७९ साली आलं. पन्नाशी ओलांडल्यावर ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली, तिथल्या कीटकांची चित्रं आणि वर्णनं तिने १७०५ साली प्रसिद्ध केली. अळी ज्या झाडावर जगते त्या झाडासकट ती काढायची, शेजारी अंडी, कोष, पतंग. तिलाही काही कोषांतून फुलपाखरांऐवजी माशा निघालेल्या दिसल्या होत्या. हे असं का होतं याचा उलगडा तेव्हा कुणालाच नीट झालेला नव्हता. तिने त्या माशा चित्रातून वगळल्या नाहीत. जे निघालं ते काढलं आणि लिहिलं. चित्र, निरीक्षण आणि लेखन ही तिची तीन कामं नव्हती. त्या काळी कुणी तिला विज्ञान की कला असं विचारलं असतं, तर तिला प्रश्नच कळला नसता.

प्रदर्शनाच्या दिवशी टेबलावर वह्या होत्या, भिंतीवर तक्ता होता, तक्त्यावर फुलपाखरू होतं. केंद्रप्रमुखांनी कौतुक केलं. पण मुलं काही पाहुण्यांना टेबलाजवळ टिकू देईनात. हाताला धरून एकेकाला खिडकीशी नेत होती. चौकटीवर तो रिकामा तपकिरी कोष अजून चिकटलेला होता, भोकासकट. "काका, इथून ४३ माशा निघाल्या." "४३ नाही, जास्त, हा शिंकला म्हणून." केंद्रप्रमुख चष्मा सावरून वाकले. "पण आत गेल्या कशा?" ते म्हणाले. "भोक तर आतून पडलंय."

हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी तोवर मुलांना अंडी घालणाऱ्या मादीविषयी सांगितलं नव्हतं, आणि त्या क्षणी सांगावंसंही वाटलं नाही. बाईंनी संध्याकाळी कपाटातून ती वही काढून मुलीच्या हातात दिली.

ऑक्टोबरात कढीपत्त्यावर पुन्हा अळ्या आल्या. रिबीन पावसाने विटली होती, ती नवी बांधली. या वेळी वर्गाने पहारा बसवला आहे. अळी कोष करायला लागली, की मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर दोघादोघांनी पाळीपाळीने तिच्यासमोर बसायचं आणि कोण कोण येतं ते लिहायचं. पाटीवर नाही, वहीत, वेळेसकट. पाळ्यांचं वेळापत्रक त्या अबोल मुलीने केलं आहे. मागच्या शनिवारी मी पहाऱ्याची वही पाहिली. पहिल्या पानावर नोंदी होत्या : "१२ वाजून १० मिनिटे. एक मुंगळा, वास घेऊन गेला. १२ वाजून १५. मावशी, पाने घेऊन गेल्या, आमची फांदी सोडून. १२ वाजून २२. एक खूप बारीक माशी कोषावर बसली. ती हलत नाही. आम्हीपण हलत नाही. शिंकणाऱ्याला लांब बसवले आहे."